मस्टँग जीटीला बाहेरचा टॉर्क कन्व्हर्टर बसवायचाय, स्टॉल किती घ्यावा?

बाणेर व्ही८

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१७ची मस्टँग जीटी आहे. ५.० लिटर व्ही८, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. सेकंड हँड घेतली, पण आधीच्या मालकाने निगा उत्तम राखलेली. इनटेक आणि एक्झॉस्टचं काम झालंय, ट्यून पुढच्या महिन्यात करायचंय. टर्बो किंवा सुपरचार्जरचा विचार नाही.

आता डोक्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) घोळतोय. सिग्नलवरून निघताना इंजिन जरा जड वाटतं, ४००० आरपीएमच्या पुढे मात्र गाडीत जीव येतो. अमेरिकेतले लोक सर्रास ३२०० ते ३८०० स्टॉलचे कन्व्हर्टर बसवतात आणि पाव मैलाची वेळ कमी झाल्याचं सांगतात. एका विक्रेत्याकडे ३५०० स्टॉलचा तयार माल आहे, तो लगेच पाठवायला तयार आहे.

माझा वापर असा: आठवड्यातले काही दिवस बाणेर ते हिंजवडी, रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा वरंधा, आणि जमेल तेव्हा ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल. मे महिन्यातल्या दुपारीही गाडी बाहेर काढतो. ३५०० घेऊ की कमी? आणि त्याच्यासोबत आणखी काय काय बदलावं लागेल?

जुना गिअरबॉक्सवाला

चांगला विषय काढलात. नोकरीची बरीच वर्षं ट्रान्समिशनच्या डिझाइनमध्ये गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

३५०० हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच. तो इंजिन आणि कन्व्हर्टर या जोडीचा असतो. टर्बाइन (कन्व्हर्टरचं गिअरबॉक्सकडचं चाक) जागच्या जागी धरून ठेवलं आणि पूर्ण थ्रॉटल दिला, तर इंजिन ज्या आरपीएमला अडतं तो स्टॉल. इंपेलर (इंजिनाकडचं चाक) फिरवायला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला की स्टॉल वर जातो, आणि तो टॉर्कच्या वर्गमुळाच्या हिशेबाने जातो. ४०० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनामागे २८०० ला अडणारा कन्व्हर्टर ५५० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे साधारण ३२८० ला अडेल. यात धरायचा तो टॉर्क त्या आरपीएमला मिळणारा, ब्रोशरमधला कमाल नव्हे. तुमचं इंजिन कमाल टॉर्क ४००० च्या वर देतं, खाली तेवढा नसतो. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाचा पाचेक टक्के टॉर्क इथल्या विरळ हवेतच जातो.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: तुमचा ३५०० कुठल्या इंजिनामागे मोजलाय? उत्तर आलं नाही, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट व्यासाची. कन्व्हर्टर पेलतो तो टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. व्यास १० टक्के कमी केला की स्टॉल जवळजवळ ३० टक्के वर जातो. म्हणून जास्त स्टॉलचे कन्व्हर्टर आकाराने लहान असतात. लहान झाला की आतलं तेल कमी, लॉकअप क्लचला (जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून घसरण थांबवतो) जागा कमी, आणि उष्णता साठवायला धातूही कमी. याचा विचार विकत घेतानाच करायला हवा, कारण हिंजवडीच्या रस्त्यावर गाठ याच्याशीच पडणार आहे. स्टेटरच्या (टॉर्क वाढवणाऱ्या मधल्या चाकाच्या) पात्यांचा कोनही स्टॉल बदलतो, त्यामुळे एकाच व्यासाचे दोन कन्व्हर्टर अगदी वेगळे वागू शकतात.

नवा चालक

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक बाळबोध प्रश्न. माझी व्हर्टस १.५ जीटी आहे, ऑटोमॅटिक. तिलाही असा कन्व्हर्टर मिळतो का?

बावधन ३४०

नाही. तुमच्या १.५ ला सात गिअरचा डीएसजी आहे, म्हणजे दोन कोरडे क्लच. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकला मात्र सहा गिअरचा कन्व्हर्टरवाला बॉक्स आहे. दोन्ही गाड्या आपल्याच चाकणच्या, पण गिअरबॉक्सची जात पूर्ण वेगळी. तसंच एएमजीच्या बऱ्याच ६३ गाड्यांत कन्व्हर्टरच्या जागी ओला क्लच असतो. कुणी ऑटोमॅटिक म्हटलं की आधी बॉक्स कुठला ते विचारायचं.

मिशिगनकर पुणेरी

मूळचा कोथरूडचा, आता इकडे. माझीही जीटी, हाच ६आर८० बॉक्स, आणि बाहेरचा कन्व्हर्टर बसवलेला आहे. गाडी तुफान निघते यात शंका नाही. पण इकडचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका.

जास्त स्टॉलचं हे सगळं शास्त्र जुन्या दोन-तीन गिअरच्या बॉक्सांपासून आलंय. पॉवरग्लाइडला दोनच गिअर, त्यात पहिला १.७६ किंवा १.८२. टीएच४०० चा पहिला २.४८. असा उंच पहिला गिअर आणि ३००० च्या खाली धड श्वासही न घेणारी मोठ्या कॅमची इंजिनं, मग कन्व्हर्टरने इंजिनाला झटकन वर नेऊन सोडणं भागच होतं. ६आर८० चा पहिला गिअर ४.१७ आहे, दुसरा २.३४. जे काम पूर्वी कन्व्हर्टरला करावं लागे, त्यातलं बरंचसं तुमचा पहिला गिअर आधीच करतोय.

इकडे ३५०० च्या पुढचे कन्व्हर्टर लावणारे लोक मागे ड्रॅग रेडियल (शर्यतीचे जास्त पकडीचे) टायर लावतात, गिअरबॉक्सला मोठा कूलर लावतात, आणि बरेच जण गाडी ट्रेलरवर घालून स्ट्रिपला नेतात. गाडी रोजच्या वापरातली असली तरी रस्ते मोकळे. चांदणी चौकातून संध्याकाळी गाडी काढणं हे त्यांच्या हिशेबात कधी नसतंच.

जुना गिअरबॉक्सवाला

मिशिगनकर म्हणतात ते आकड्यांत मांडतो. स्टॉलला इंजिन ४०० न्यूटन-मीटर देतंय आणि कन्व्हर्टर टॉर्क दुप्पट करतोय असं धरू. पहिला गिअर ४.१७, फायनल ड्राइव्ह (मागच्या ॲक्सलचा गिअर) ३.५५ धरला, तर मागच्या चाकांवर ११,८०० न्यूटन-मीटरच्या आसपास. चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर साधारण ३४,७०० न्यूटन ढकल. गाडी पावणेदोन टनाची. निघताना वजन मागे गेलं तरी मागच्या टायरांवर १०,००० न्यूटनच्या आसपासच भार येतो, आणि रस्त्याचे टायर जेमतेम तेवढीच पकड देतात.

म्हणजे टायर झेलू शकतील त्याच्या तिप्पट ढकल तुमच्याकडे आजच आहे. नुकसानी वजा केली तरी चित्र बदलत नाही. टॉर्क गुणोत्तर २ चं २.३ केलं तर फक्त टायरचा धूर वाढेल. म्हणून रस्त्याच्या टायरांवर धावणाऱ्या गाडीला मी नेहमी कमी गुणोत्तराचा, १.८ च्या आसपासचा स्टेटर सुचवतो. तो पहिल्या क्षणी धक्का कमी देतो, पण पुढे जास्त घट्ट धरतो.

फायदा खरा कुठे दिसतो? गिअर बदलल्यावर. ७००० ला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात की घट्ट (कमी घसरणाऱ्या) कन्व्हर्टरला इंजिन ३९०० वर येतं. जरा सैल (जास्त घसरणारा) असेल तर सुई वरच राहते आणि इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात खेळतं. पाव मैलाची वेळ त्यामुळेही सुधारते.

बावधन ३४०

+१. माझी एम३४०आय, झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स. टर्बो गाड्यांत हिशेब थोडा वेगळा असतो. कन्व्हर्टर फार घट्ट असेल तर टर्बोला फिरायला वावच मिळत नाही, म्हणून मोठा टर्बो लावणारे स्टॉल वाढवतात. मी रिमॅप केलाय, पण कन्व्हर्टर मूळचाच ठेवलाय. या बॉक्सचा लॉकअप क्लच किंचित घसरत राहील अशा बेताने सतत नियंत्रित होतो, आणि त्याचं अस्तर व तेल एकमेकांसाठी बनलेलं आहे. त्यात बाहेरचं काही घालायचं तर ट्यून करणाऱ्यालाही तो क्लच तितकाच कळायला हवा.

आणि लॉन्च कंट्रोल (ब्रेक धरून आरपीएम चढवून सुटायची सोय) म्हणजे दर वेळी स्टॉल टेस्टच. ३०० न्यूटन-मीटर २५०० आरपीएमला म्हणजे ७८ किलोवॅट. गाडी उभी आहे, तेव्हा त्यातला वॉट न वॉट तेलात उष्णता होऊन जातो. मित्रांना दाखवायला लागोपाठ लॉन्च मारणारे पाहिले की त्या तेलाची काळजी वाटते.

भोसरीचा मिस्त्री

राम राम. मी जेसीबी, लोडर, डंपर असली कामं करतो, मस्टँगला हात लावलेला नाही. पण टॉर्क कन्व्हर्टर रोज हाताखालून जातो. बॅकहोला कन्व्हर्टरच असतो, आणि आमच्याकडे गाडी आली की पहिली स्टॉल टेस्ट.

बाणेरवाले दादा, नवीन घेण्याआधी आत्ता आहे तो ठीक आहे का ते बघितलं का? तुम्ही म्हणता सिग्नलवरून निघताना जड वाटते. स्टॉल आरपीएम कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी आला तर दोनच अर्थ: इंजिनात दम कमी, नाहीतर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा वन-वे क्लच गेलाय आणि स्टेटर उलटा फिरतोय. स्टेटर धरत नसेल तर टॉर्क वाढतच नाही, गाडी उठतच नाही, पण एकदा वेग घेतला की बरी पळते. उलट स्टॉल जास्त आला तर बॉक्सच्या क्लच प्लेटा घसरतायत किंवा तेल कमी आहे. आणि स्टेटर जाम झाला असेल तर उठायला चांगली, पण वर पळताना अडते आणि तेल तापतं.

गाडी सेकंड हँड आहे म्हणून विचारलं. वन-वे क्लच गेला असेल तर तुम्ही हौसेपोटी ३५०० वाला टाकाल, गाडी सुधारेल, आणि वाटेल स्टॉलची करामत. खरं म्हणजे साधा मूळचा नवा टाकला असता तरी सुधारली असती.

टेस्ट करायची तर ५ सेकंदांच्या वर नाही. मग न्यूट्रलला घेऊन तेल थंड होऊ द्यायचं. समोर माणूस उभा करायचा नाही.

मिशिगनकर पुणेरी

मिस्त्रीदादा, लाखमोलाचं सांगितलंत. भर एवढीच की मस्टँगमध्ये खरा स्टॉल ब्रेकवर मोजता येत नाही. ब्रेक पुढची चाकं धरतात, पण मागचे टायर आधीच घसरायला लागतात. त्यामुळे जो आकडा दिसतो तो खऱ्यापेक्षा कमी असतो. इकडे लोक फ्लॅश स्टॉल बघतात: गाडी उभी, एकदम पूर्ण थ्रॉटल, आणि गाडी पकड घेताना सुई पहिल्यांदा जिथे जाते तो आकडा. लॉगर लावला तर नीट दिसतं. विक्रेत्याशी बोलताना तो कुठला स्टॉल सांगतोय तेही विचारून घ्या.

बाणेर व्ही८

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीदादांचा मुद्दा मनावर घेऊन कालच गाडी ओळखीच्या गॅरेजला रॅम्पवर घेतली. थोडं तेल काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. लाल नव्हता, तपकिरी होता, कडेला काळसर वर्तुळ, आणि वास करपल्यासारखा. स्कॅनरवर कोड काही नाही. पण ७० च्या वेगाला हलक्या थ्रॉटलवर गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरते, आणि ब्रेकला नुसता पाय टेकवला की थरथर थांबते. हे आधीपासून होतं, मी टायरचं बॅलन्सिंग समजत होतो. स्टॉल टेस्ट गॅरेजवाल्यानेच नको म्हटलं, तेल बदलल्याशिवाय करू नका म्हणाला.

भोसरीचा मिस्त्री

बरोबर सांगितलं त्याने. ब्रेकला पाय लागला की लॉकअप सुटतो. थरथर तिथेच थांबते म्हणजे दुखणं लॉकअप क्लचमध्ये, टायरचा काही संबंध नाही. कधी कधी नुसत्या तेलाने जातं, कधी अस्तरच गेलेलं असतं.

आणि कुणी म्हणेल की नाना पेठेतून अस्तर आणून, कन्व्हर्टर लेथवर कापून परत वेल्ड करून देतो, तर जपून. आमच्या लोडरचं इंजिन २२०० ला फिरतं, तिथे ते चालून जातं. तुमचं ७००० ला फिरतं. वेल्डिंग केंद्रातून जरा सरकलं, बॅलन्स चुकला, तर पंपाचा बुश आणि सील दोन्ही जातील.

जुना गिअरबॉक्सवाला

आता चित्र बदललं. कन्व्हर्टर तसाही काढावाच लागणार असेल तर नवा घ्या, पण कारण वेगळं आहे हे ध्यानात ठेवा. तुम्हाला आधी चांगला लॉकअप हवाय, स्टॉल नंतर.

पुण्यात तेलाची उष्णता हाच खरा प्रश्न. ताम्हिणी चढताना लॉकअप सुटलेला आहे, इंजिन ३००० ला १५० न्यूटन-मीटर देतंय आणि कन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षमतेने चाललाय असं धरलं, तरी ७ किलोवॅट तेलात जातात. सैल कन्व्हर्टरमध्ये यापेक्षा जास्त. ८० ते ९५ अंश सेल्सिअसला हे तेल खुशाल राहतं. १२० च्या वर सतत राहिलं की त्याचा डिंक व्हायला लागतो आणि सील कडक होतात.

रोजचा त्रास आणखी एक. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प डोळ्यांसमोर आणा. समोर वळण, वर वॉचमन, गाडी हळू चढवायचीय. मूळच्या कन्व्हर्टरला पाय जरा दाबला की गाडी सरकते. ३५०० वाल्याला आधी इंजिन गुरगुरतं, सुई २००० कडे जाते, गाडी हलत नाही, आणि मग एकदम उडी घेते. पावणेदोन टनाची गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर असताना हे रोज करायचं, हा विचार करून बघा.

माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या वापराला मूळच्यापेक्षा थोडाच वर, तुमच्या इंजिनामागे २६०० ते २८०० फ्लॅश होईल असा, कमी टॉर्क गुणोत्तराचा कन्व्हर्टर. लॉकअपला एकापेक्षा जास्त प्लेटा, म्हणजे वरच्या गिअरात पूर्ण थ्रॉटललाही ट्यूनमधून लॉक धरून ठेवता येईल. पाती भट्टीत ब्रेझ केलेली हवीत, थ्रस्ट वॉशरच्या जागी नीडल बेअरिंग हवीत. पुढचं कव्हर बिलेटचं (अखंड धातूतून कोरलेलं) असेल तर उत्तम, कारण जास्त आरपीएमला आतल्या दाबाने कव्हर फुगतं आणि मागून क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो.

बावधन ३४०

ट्यूनर कोण आहे ते आधी ठरवा. लॉकअप कधी लागायचा, कधी सुटायचा, किती घसरणं चालेल, हे सगळं मूळच्या कन्व्हर्टरसाठी लिहिलेलं असतं. सैल कन्व्हर्टर लावून जुनाच नकाशा ठेवला तर ईसीयूला (गाडीच्या संगणकाला) घसरण जास्त दिसते आणि पी०७४१ सारखा कोड पडतो. फक्त इंजिनाचं ट्यून करणारे पुष्कळ मिळतात. गिअरबॉक्सच्या फाइलला हात घालणारे मोजके. तसा माणूस मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नका.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये कडक भूमिका घेतली आहे. कन्व्हर्टर आरसीवर येत नाही, पण दाव्याच्या वेळी कुणी प्रश्न काढलाच तर आपल्याकडे कागद हवा.

बाणेर व्ही८

ठरवलं. ३५०० वाल्याला नाही कळवलं. आता दोन कन्व्हर्टर बनवणाऱ्यांना सारखीच माहिती पाठवतोय: गाडीचं वजन माणसासकट, डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) पूर्ण आलेख (फक्त कमाल आकडा नाही), गिअर आणि फायनल ड्राइव्ह, टायरचा आकार, शहराची उंची, उन्हाळ्यातलं तापमान, आणि वापर किती टक्के ट्रॅफिक, किती घाट, किती स्ट्रिप. स्टॉल मी सांगणार नाही, त्यांनी सुचवावा. दोघांचे आकडे जवळपास आले तर पुढे जाईन.

तोवर कूलर बसवून घेतो. रेडिएटरच्या पुढे लावू की बाजूला चाकाच्या कमानीत? आणि बसवताना मिस्त्रीकडून काय काय नक्की करून घेऊ?

मिशिगनकर पुणेरी

रेडिएटरच्या पुढे, आणि थर्मोस्टॅटसकट. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात १० अंशांच्या आसपास असतं, तेल फार थंड राहिलं तर गिअर उशिरा पडतात. कमानीतला कूलर पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलाने भरून जाईल. तेल मर्कॉन एलव्हीच. यूएलव्ही नावाचं तेल दहा गिअरच्या बॉक्सचं आहे, नाव सारखं वाटतं म्हणून कुणी ते भरायला नको.

भोसरीचा मिस्त्री

बसवायचं सांगतो. जुनं तेल करपलंय म्हणजे पायपात आणि जुन्या कूलरमध्ये अस्तराचा भुगा बसलाय. पाइप धुवायचे, कूलर नवा, फिल्टर नवा. नाहीतर नव्या कन्व्हर्टरमध्ये पहिल्या दिवशी जुनी घाण.

नव्या कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतायचं, कोरडा फिरवायचा नाही. बॉक्सवर चढवताना हाताने फिरवत फिरवत आत ढकलायचा. तीन ठिकाणी बसतो: इनपुट शाफ्टच्या खाचा, स्टेटरच्या खाचा, मग पंप. प्रत्येक वेळी खट करून आत जातो, हाताला कळतं. शेवटचा खट झाला नाही आणि बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून ओढून घेतला, तर पंप तिथेच फुटला समजा. हाउसिंग बोल्टशिवाय, नुसत्या हाताने इंजिनाला टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपासून (क्रँकला जोडलेल्या चकतीपासून) थोडी फट दिसली पाहिजे. अमेरिकन बॉक्सना बहुतेक वेळा ३ ते ५ मिलिमीटर असते, बनवणारा जी सांगेल ती धरायची. फट मोजताना तुम्ही तिथे हजर राहा दादा, आणि आकडा लिहून घ्या.